उचलीची मासोळी

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारात मासोळी दोन वाटांनी येते. एक वाट आंध्रातून निघते. बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या पेट्या ट्रकमधून रात्रभर धावतात आणि पहाटे इथे उतरतात. आत कोलेरू-भीमावरम पट्ट्यातल्या तळ्यांत वाढवलेले, जवळजवळ एकाच मापाचे रोहू आणि कटला असतात. दुसरी वाट आसपासची: वैनगंगा, बावनथडी, सिहोऱ्याकडचा चांदपूरचा जलाशय आणि गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ही मासोळी ढिवरांच्या बाया पाटीत घेऊन येतात. मापात लहानमोठी, कधी मरळ, कधी देशी मांगूर, कधी नुसते झिंगे. गिऱ्हाईक दोन्हीकडे पाहतो, भाव विचारतो, ताजी आहे का विचारतो. कोणी धरली, कोणत्या पाण्यातून, कोणत्या बोलीवर, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

बेकायदा मासेमारी आणि मासळीच्या धंद्यातली वेठबिगारी हे विषय निघाले की डोळ्यांपुढे समुद्र येतो. गस्तीनौका, एलईडी दिव्यांच्या ट्रॉलर, परदेशी बेटांवर कोंडलेले खलाशी. भाताच्या आणि मँगनीजच्या या तालुक्याशी त्याचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. मला मात्र हा सगळा प्रश्न तुमसरच्या तलावाच्या पाळीवरून जितका स्वच्छ दिसतो तितका कुलाब्याच्या धक्क्यावरून दिसत नाही. समुद्रावर भानगडी फार असतात. इथे पाणी लहान आहे, माणसे ओळखीची आहेत आणि व्यवहार एका वहीत मावतो.

ढिवर हा इथला मासेमार समाज. सरकारदरबारी त्यांची नोंद भोई समाजाबरोबर भटक्या जमातींच्या यादीत आहे. उन्हाळ्यात नदीचे डोह, पावसाळ्यानंतर तलाव, मधल्या काळात कुठे शिंगाड्याची लागवड, कुठे ऐनाच्या झाडांवर टसरचा कोसा, आणि भाताच्या हंगामात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी. बहुतेकांना जमीन नाही. पाणी हीच त्यांची शेती, पण तिचा सातबारा त्यांच्या नावावर कधीच चढला नाही.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत, एकट्या भंडारा जिल्ह्यात हजाराहून अधिक. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने आपल्या कसबाने ते बांधले. पुढे इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशाने मालगुजारी मोडली आणि तलाव सरकारचे झाले. आज लहान तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे आहेत. या फेरफारात शेतकऱ्याच्या पाण्याच्या हक्काची निदान नोंद झाली, त्यावर पुढे भांडणे झाली, मोर्चे निघाले. ढिवराची मासे धरण्याची वहिवाट मात्र ठेका बनली. जी गोष्ट आजोबा न विचारता करत होते, तिच्यासाठी नातवाला दर काही वर्षांनी पैसे भरून परवानगी घ्यावी लागू लागली.

सरकारने हे अगदी कोरडेपणाने केले असे म्हणता येणार नाही. ठेका देताना स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला प्राधान्य, हे धोरण चांगल्या हेतूने आले आणि त्यामुळे विदर्भात ढिवरांच्या शेकडो संस्था उभ्या राहिल्या. पण हंगामाचा हिशेब पाहिला की अडचण कुठे आहे ते कळते. पावसाळ्याच्या तोंडाशी ठेक्याची रक्कम भरायची. मग मत्स्यबीज आणायचे. जिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत जितके मोठे बीज, तितके महाग. पाऊस फसला तर तलाव भरत नाही, फार झाला तर सांडव्यावरून बीज वाहून जाते. मासा वाढायला सहा ते दहा महिने. तोवर राखण, जाळी, डोंग्याची दुरुस्ती. हा सगळा खर्च आधी, आणि हातात पैसा उन्हाळ्यात. ज्यांच्या घरात चार महिन्यांचे धान्य नसते, त्यांनी हा मधला काळ कसा काढायचा?

तिथे व्यापारी येतो. तो ठेक्याचे पैसे भरतो, बीज आणून देतो, सणासुदीला घरटी उचल देतो. बदल्यात एकच अट: निघेल ती मासोळी मलाच, आणि भाव मी ठरवीन. कागदावर ठेका संस्थेचा राहतो, अध्यक्ष-सचिव ढिवरच असतात, सभेचे इतिवृत्तही लिहिले जाते. प्रत्यक्षात सभासद आपल्याच तलावावर किलोमागे मजुरी घेऊन जाळे ओढणारे गडी होतात. सगळीकडे असेच चालते असे नाही. स्वतःच्या पैशाने उभ्या असलेल्या, नेटाने चालणाऱ्या संस्थाही याच जिल्ह्यांत आहेत. पण जिथे भांडवल बाहेरचे असते तिथे घसरण या दिशेनेच होते. २०१७ मध्ये राज्याने ठेक्याचे धोरण बदलले तेव्हा मासेमार संस्थांनी जो आरडाओरडा केला तो याच भीतीने. ठेका जितका महाग, तितकी उचल मोठी.

याला वेठबिगारी म्हणायचे का? बहुतेक लोक नाही म्हणतील. माणूस रात्री आपल्या घरी झोपतो, त्याला कुणी साखळीने बांधलेले नाही, मतदान करतो, लग्नाला जातो. म्हणूनच १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम पुन्हा एकदा बारकाईने वाचावा, असे माझे सांगणे आहे. त्यातली व्याख्या आपल्या मनातल्या चित्रापेक्षा खूप रुंद आहे. उचलीच्या बदल्यात बिनमोल किंवा नाममात्र मोलाने राबणे ही एक गोष्ट. दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही दुसरी. मोकळेपणाने कुठेही जाण्या-येण्याचा हक्क गमावणे ही तिसरी. आणि चौथी: आपली वस्तू किंवा आपल्या आणि घरच्यांच्या श्रमाचे फळ बाजारभावाने विकण्याचा हक्क उचलीपोटी गमावणे. यातली कोणतीही एक अट घातलेली असली तरी ती वेठबिगारी ठरू शकते.

व्याख्येतले हे चौथे कलम जणू मासेमारांसाठीच लिहिले आहे. ज्याची मासोळी धरण्याआधीच विकली गेली आहे, ज्याला शेजारच्या बाजारात जास्त भाव मिळत असूनही तिकडे पाटी नेता येत नाही, कारण वहीत त्याचे नाव आहे, तो माणूस या कलमाच्या उंबऱ्यावर उभा आहे. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढची गोष्ट सांगितली. न्यायमूर्ती भगवती यांच्या त्या निकालानुसार किमान वेतनाहून कमी मोलाने राबावे लागणे हीसुद्धा राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी आहे, कारण भूक ही दंडुक्याइतकीच मोठी सक्ती असते. त्या निकालाला चार दशके उलटून गेली. तलावाच्या ठेक्याच्या कागदात बीज किती सोडायचे, पैसे कधी भरायचे, जाळ्याचा आस किती असावा, याची चौकशी असते. जाळे ओढणाऱ्याला किती मिळते आणि त्याच्यावर कुणाची उचल आहे, याची नसते.

जिथे ही गोष्ट उघडी पडली ते ठिकाण इथून दूर, पण महाराष्ट्रातच आहे. पुणे-सोलापूरच्या हद्दीवर भीमेवरचे उजनी धरण, यशवंतसागर. भिगवणचा मासळी बाजार त्याच्यावर जगतो. उजनीत गेल्या काही वर्षांत बारीक आसाच्या जाळ्यांनी, ज्यांना तिकडे वडाप म्हणतात, मासळीची पिल्ले ओढून काढण्याचा सपाटा सुरू झाला. स्थानिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या, आंदोलने केली, कारण पिल्लेच गेली तर पुढच्या वर्षी धरायचे काय? हे बेकायदा काम करायला माणसे कुठून आणली? रायगडच्या डोंगरपट्ट्यातून, कातकरी वाड्यांतून. हातावर उचल ठेवायची, कुटुंबच्या कुटुंब पाणलोटाच्या काठावर आणून बसवायचे, आणि हिशेब कधी फिटू द्यायचा नाही. त्यांत लेकरेही होती. तिथून कातकरी कुटुंबांची आणि मुलांची सुटका करावी लागली आहे.

कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. वीटभट्ट्या आणि कोळशाच्या भट्ट्यांनी त्यांना पिढ्यानपिढ्या याच पद्धतीने बांधले. उजनीत फक्त भट्टीच्या जागी पाणी आले. बेकायदा जाळे आणि बांधलेला माणूस या तिथे दोन घटना नव्हत्या. ज्याला पिल्ले ओढून काढायची आहेत त्याला असा मजूर हवा असतो, जो नाही म्हणू शकत नाही आणि ज्याला त्या पाण्याच्या उद्याशी देणेघेणे नसते. स्थानिक भोई हे काम करणार नाही, कारण त्याला पुढच्या वर्षीही तिथेच जाळे टाकायचे आहे. कातकऱ्याला पर्याय नसतो. म्हणून माझ्या मते जाळ्याचा गुन्हा आणि वेठीचा गुन्हा वेगवेगळ्या खात्यांत टाकणे हीच सरकारची मूळ चूक आहे. मत्स्यव्यवसाय खाते जाळे जप्त करून जाते. महसूल आणि कामगार खाते, गेलेच तर, माणसे सोडवते. दोघे एकाच दिवशी, एकाच गाडीतून गेले तर ठेकेदाराला पळायला वाट उरणार नाही.

सुटका झाल्यावर काय होते तेही सांगायला हवे. कायद्याने उचल तिथल्या तिथे रद्द होते. फेडण्याचा प्रश्नच उरत नाही. अधिकाऱ्याने मुक्ती प्रमाणपत्र द्यायचे असते. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत तीस हजार रुपयांपर्यंत आहे, आणि पुढे पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, अतिशय छळाच्या प्रकरणांत तीन लाख. पण ही मोठी रक्कम वेठबिगारी शाबीत होण्याशी बांधलेली आहे, आणि खटला वर्षानुवर्षे चालतो. तोवर दिवाळीनंतरचा हंगाम येतो, मुकादम पुन्हा वाडीवर येतो, हातात रोकड असते. सोडवलेला माणूस परत जातो तो मूर्ख म्हणून नव्हे. त्याला ज्या दिवशी पैसे लागतात त्या दिवशी मुकादमाखेरीज दुसरे कुणी दारात उभे नसते.

तुमसरच्या पश्चिमेला, रामटेक तालुक्यात, बेकायदा मासेमारीविरुद्धची सरकारची एक लांब लढाई झाली. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचे पाणी राष्ट्रीय उद्यानात पसरलेले आहे, काही महाराष्ट्रात, काही मध्य प्रदेशात. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे उद्यानात मासा धरणे गुन्हा. पण धरण बांधायला आलेल्या मजुरांची वसाहत काम संपल्यावरही तिथेच राहिली आणि मासेमारी हाच तिचा धंदा झाला. पलीकडे मध्य प्रदेश सरकारने विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्रांची ओळखपत्रे, ठरलेले मार्ग, चौक्यांवर नोंद, काठावर चूल पेटवायची नाही, अशा अटी घालून ते चालू ठेवले. पिढ्यानपिढ्या जंगल आणि नदीवर जगलेल्या माणसांच्या पोटाचा विचार जंगल राखताना करावा लागेल, हे न्यायालयाने मान्य केले.

महाराष्ट्राच्या बाजूला असे काही झाले नाही. या शतकाच्या सुरुवातीला वनविभागाने तोतलाडोहची वसाहत उठवली. पण चोरटी मासेमारी थांबली नाही, ती रात्रीत गेली. वनरक्षकांवर दगडफेक झाली, हाणामाऱ्या झाल्या, पुढे विशेष व्याघ्र संरक्षण दलाच्या बोटी पाण्यावर फिरू लागल्या. वनरक्षक जीव धोक्यात घालतात याबद्दल मला आदरच आहे. वाघाच्या जंगलात अंधारात बोट घालणे सोपे काम नव्हे. पण इतक्या वर्षांत पकडले गेलेले लोक पाहिले तर ते जाळे टाकणारे, ओझे वाहणारे. क्विंटलाने निघालेली मासोळी विकत घेणारा, बर्फ आणि गाडी पुरवणारा माणूस पाण्यापर्यंत येतच नाही. गस्तीची बोट त्याच्या दारात पोचू शकत नाही. त्याच्या दारात पोचायला हिशेबाची वही लागते.

आता तलावावरच्या दुसऱ्या उपद्रवाबद्दल थोडे. विष टाकून, बार उडवून किंवा विजेची तार सोडून मासे मारणे. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटके आणि विष वापरणे गुन्हा ठरवले, दंड दोनशे रुपयांपर्यंत आणि शिक्षा दोन महिन्यांपर्यंत. १९६० मध्ये महाराष्ट्राने आपला स्वतंत्र मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. तरी वैनगंगेच्या पट्ट्यात हे प्रकार संपलेले नाहीत. यात एका रात्रीत तलावाचे पुढचे दोन-तीन हंगाम मरतात, आणि नुकसान संस्थेचे होते. ठेक्याचे पैसे माफ होत नाहीत. खाली पवनीकडे तर अजून एक विष आहे, ज्याच्यावर कुणी गुन्हा दाखल करत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात साचते. ज्या धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी केली, त्याने ढिवरांचे डोह बुडवले. त्या बुडालेल्या डोहांत शहराने आपली घाण सोडली. ढिवराने विष टाकले तर तो आरोपी. शहराने टाकले तर तो प्रदूषणाचा प्रश्न.

किनाऱ्यावर सरकारने अलीकडे बरेच केले आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम होता, पण त्यातले दंड बोटमालकाच्या एका फेरीच्या डिझेलइतकेही नव्हते. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांना आळा घातला गेला: परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे आणि ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात करायची. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांवर नेले. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने टेहळणी सुरू झाली. १ जून ते ३१ जुलैची बंदी तर कोळीवाड्यांनी पिढ्यानपिढ्या स्वतःहून पाळलेल्या पावसाळी विश्रांतीलाच दिलेले सरकारी रूप आहे.

या सगळ्या नियमांत बोट आहे, इंजिन आहे, जाळे आहे, मासा आहे. खलाशी कुठे आहे? रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून वरखाली सगळीकडे ट्रॉलरवर आज नेपाळी खलाशी आहेत, परप्रांतीय आहेत. त्यांना हंगामाच्या आधी उचल दिली जाते. बोटमालकही रडतात, आणि त्यांचे रडणे खोटे नाही: लाखभर उचल घेऊन खलाशी पळून जातात, हंगाम बुडतो. पण पळून जावे लागते याचाच अर्थ काम सोडून जाण्याचा सरळ रस्ता नाही. ड्रोन वरून बोटीचा नंबर टिपतो. त्या बोटीवरचा माणूस किती दिवस झोपला नाही, त्याचे कागद कुणाच्या खिशात आहेत, आजारी पडला तर त्याला बंदरावर कोण आणणार, हे ड्रोनला दिसत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीतला एक बदल मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. त्याआधी जाळ्याच्या गुन्ह्यांचा निवाडा तहसीलदार करत असे. आता तो अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे गेला. तक्रार रास्त होती, तहसीलदाराच्या टेबलावर प्रकरणे कुजत होती, आणि बदल योग्यच झाला. पण वेठबिगारीच्या कायद्याचे अधिकार जिल्हाधिकारी आणि त्याने नेमलेल्या महसुली अधिकाऱ्याकडेच आहेत. म्हणजे जी दोन कामे योगायोगाने का होईना एका खुर्चीत येऊ शकत होती, ती आता वेगळ्या इमारतींत आहेत. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असाव्यात असे १९७६ चा कायदा सांगतो. त्या समितीत मत्स्यव्यवसायाचा अधिकारी बोलवायला कुणाची हरकत असणार आहे?

जग हे उशिरा शिकले. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या महिला वार्ताहरांनी इंडोनेशियातल्या बेंजिना बेटावर पिंजऱ्यात कोंडलेली माणसे शोधली, त्यांनी धरलेली मासळी थायलंडमार्गे अमेरिकेतल्या दुकानांत जाते हे जहाजांचा माग काढून दाखवले, आणि दोन हजारांहून अधिक माणसे सुटली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय संघाने थायलंडला बेकायदा मासेमारीबद्दल पिवळे कार्ड दाखवले. कार्ड मासळीबद्दल होते, पण त्यामुळे थायलंडला बंदरातून निघताना आणि परतताना बोटी तपासाव्या लागल्या, आणि बोट तपासताना खलाशीही मोजावे लागले. जानेवारी २०१९ मध्ये ते कार्ड उठले. त्याच महिन्यात थायलंडने मासेमारीतल्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार, क्रमांक १८८, मान्य केला. मासा आणि माणूस एकाच तपासणीत आले तेव्हा दोघांचीही स्थिती सुधारली. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही.

मार्च २०२४ मध्ये ही चौकशी आपल्या दारात आली. कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी लॅब या अमेरिकी संस्थेने आंध्रातल्या कोळंबी उद्योगातल्या श्रमस्थितीवर अहवाल काढला. कर्जात अडकलेले, कारखान्याच्या आवारातच राहणारे स्थलांतरित मजूर, त्यांत बहुतांश बाया. उद्योगाने आरोप नाकारले, पण खरेदीदारांनी प्रश्न विचारले, कारण १९३० च्या अमेरिकी कायद्यानुसार सक्तीच्या मजुरीने तयार झालेला माल बंदरावर अडवता येतो. भारताची सागरी उत्पादनांची निर्यात २०२३-२४ मध्ये साडेसाठ हजार कोटींच्या घरात होती आणि तिच्यात सर्वांत मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा. इतका पैसा अडला तर कुणीही ऐकते.

त्याच आंध्रातून तुमसरला रोहूच्या पेट्या येतात. त्यांच्याबद्दल कुणी अहवाल काढत नाही. जुलै २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला तेव्हा मोठा गदारोळ झाला, आयात काही दिवस बंद झाली. तो प्रश्न खाणाऱ्याच्या पोटाचा होता. धरणाऱ्याच्या पोटासाठी आपल्या देशी बाजाराने कधी गाडी अडवल्याचे मला आठवत नाही. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला जो प्रश्न विचारायचा हक्क आहे, तो तुमसरच्या गिऱ्हाइकालाही असावा, आणि इथल्या ढिवराला त्याचा फायदाही त्याहून थेट आहे. तो आठ-दहा कोसांवर राहतो.

काम कुठून सुरू करता येईल याचा एक दाखला शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगावचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षे ढिवरांच्या संस्थांबरोबर तलावांवर काम करतात. त्यांनी ढिवरांना माहीत असलेल्या जलवनस्पती आणि मासे यांची नोंद केली. तलाव व्यापून बसलेली बेशरमची झुडपे उपटली, कोरड्या पडलेल्या भागात देशी पाणवनस्पती लावल्या. देशी मासे परतले. ते स्वतः वीण घालतात, त्यांना दरवर्षी विकतचे बीज लागत नाही. या कामाकडे पर्यावरणाचे काम म्हणून पाहिले जाते, आणि ते आहेच. पण मला त्यातली अर्थव्यवस्था जास्त मोलाची वाटते. ज्या तलावात बीज विकत आणावे लागत नाही, तिथे जूनमध्ये व्यापाऱ्याच्या दारात उभे राहण्याचे एक मोठे कारण कमी होते. बायांचे गट सभेत बसू लागले, तेव्हा पाटीतला भाव आणि वहीतला भाव यांतला फरक पहिल्यांदा मोठ्याने विचारला जाऊ लागला. बाजारात बसते ती बाई, तिला तो फरक ठाऊकच असतो.

दुसरी वाट कर्जाची. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मासेमारांनाही खुले आहे. १ जानेवारी २०२५ पासून शेतीची दोन लाखांपर्यंतची कर्जे तारणाशिवाय देता येतात. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा समकक्ष दर्जा दिला. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना तर २०२० मध्ये वीस हजार कोटींहून मोठ्या आकड्याने सुरू झाली. कागदावर पाहिले तर व्यापाऱ्याच्या उचलीची गरजच उरू नये. अडते ते असे: बँकेतला माणूस जमिनीचा उतारा मागतो, ढिवराकडे तो नाही, ठेका संस्थेच्या नावावर, सभासदाच्या नावावर काहीच नाही. संस्थेचा ठेका-करार आणि सभासद-यादी हाच सभासदाचा पुरावा मानावा, असे जिल्हास्तरीय बँक समितीने ठरवले तर या जिल्ह्यातल्या कित्येक संस्थांचा जून मोकळा जाईल.

आणि ठेक्याच्या करारात तीन ओळींची भर हवी. ठेक्याची रक्कम कोणाच्या खात्यातून भरली गेली. संस्थेवर आणि सभासदांवर मासळीच्या बोलीवर घेतलेली उचल किती आहे. गेल्या हंगामात सभासदाला किलोमागे किती मिळाले आणि त्या आठवड्यात तुमसरच्या बाजारात भाव काय होता. यासाठी नवा कायदा लागत नाही, विधानसभेत जावे लागत नाही. मत्स्यव्यवसाय खाते आणि जिल्हा परिषद आपल्या अधिकारात हे करू शकतात, आणि त्या कागदाची एक प्रत दक्षता समितीच्या टेबलावर ठेवू शकतात. तलावांचे ठेके संपत आणि नव्याने होत असतातच. बावनथडीचा राजीव सागर दोन राज्यांत पसरलेला आहे. मासेमारी हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय, त्यामुळे पाण्याच्या मध्यावर कायदा बदलतो. तिथे भंडारा आणि बालाघाटच्या जिल्हाधिकाऱ्यांना एकत्र बसावे लागेल. पण सिहोरा, गोबरवाही, नाकाडोंगरीच्या बाजूच्या तलावांना तोवर थांबायचे कारण नाही. तिथे पुढचा ठेका ज्या टेबलावर सही होईल, ते टेबल भंडाऱ्यातच आहे.